'हू' म्हणजे कोण?

नगरच्या माणसाला 'तुमच्या गावचं विशेष काय हो?' असं कुणी विचारलं, की तो आधी घसा साफ करतो. त्याचं सगळं तोंडपाठ असतं. १४९० साली अहमद निजामशहानं गाव वसवलं. इथल्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. पलीकडे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना निघाला. आणि डोंगरावर जो चांदबिबीचा महाल दिसतो तो चांदबिबीचा नसून सलाबतखानाची कबर आहे. शेवटचं वाक्य तो अशा काही सुरात सांगतो, की ही थाप चांदबिबीनं स्वतःच मारली होती आणि ती यानं पकडली, असं पाहुण्याला वाटावं. एवढं झालं की तो चहा मागवतो. पैसे पाहुण्यानं द्यायचे असतात.

२०२४ साली गावाचं नाव अहिल्यानगर झालं. पण आमच्या मामांच्या तोंडी ते अजून नगरच आहे आणि मी ज्या भांडणाबद्दल लिहितोय ते त्या नगरातलंच आहे. भांडण असं, की या यादीत एका विलायती बँडचं नाव घालावं की घालू नये? घालावं, या बाजूनं मी. घालू नये, या बाजूनं मामा. गेली तीस-पस्तीस वर्षं आम्ही भांडतो आहोत. दिवाणी दावासुद्धा इतका चालला तर पक्षकार लाजतात.

मला या बँडचा पत्ता लागला तो सायकल पंक्चर झाल्यामुळे. थोर शोध असेच लागतात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, जानेवारीचा शेवट होता. नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की नऊ-दहा किलोमीटरवर अरणगाव आहे आणि तिथं मेहेरबाबांचं मेहेराबाद. ३१ जानेवारीला अमरतिथी असते, तेव्हा जगभरातली माणसं तिथं येतात. अरणगावच्या फाट्यावर माझ्या सायकलनं प्राण सोडला म्हणून मी चहाच्या टपरीवर बसलो, तर शेजारी एक पांढऱ्या दाढीचा गोरा गृहस्थ कुडता घालून बशीतून चहा पीत होता. 'तुम्ही कुठले?' त्यानं विचारलं. मी 'इथलाच, नगरचा' म्हटल्याबरोबर त्यानं बशी खाली ठेवून मला हात जोडले आणि म्हणाला, 'म्हणजे तुम्ही बाबा ओरायलीच्या गावचे!'

मी म्हटलं, 'इथं इराणी आहेत. ओरायली कोणी नाही.'

मग त्या भल्या माणसानं मला अर्धा तास शिकवणी दिली. इंग्लंडात 'द हू' नावाचा रॉक बँड आहे. त्याचा गिटारवाला आणि कवी पीट टाऊनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. १९७१ साली त्यांच्या 'हूज नेक्स्ट' या रेकॉर्डवर पहिलंच गाणं आलं, 'बाबा ओरायली'. त्यातले 'बाबा' म्हणजे आमच्या अरणगावचे मेहेरबाबा आणि 'ओरायली' म्हणजे टेरी रायली नावाचा अमेरिकन संगीतकार. १९७२ साली टाऊनशेंड स्वतः समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. म्हणजे जगातल्या एका नामवंत रॉक बँडचा म्होरक्या आमच्या गावाशेजारी येतो काय, टेकडीवर डोकं टेकतो काय, आणि आम्ही मात्र चांदबिबीच्या महालावरून वाद घालतोय! जाताना त्यानं झोळीतून एक कॅसेट काढून मला दिली. सायकल ढकलत मी जो निघालो तो थेट माळीवाड्यात मामांच्या गिरणीवर.

आमच्या मामांची पिठाची गिरणी होती. तीस वर्षं त्यांनी गिरणीत काढली, त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मामा कुजबुजले तरी ते दिल्ली गेटला ऐकू जाई. आणि दुसरी म्हणजे त्यांना स्वतःला हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं. मात्र गाण्याचे दर्दी. वारकरी भजनापासून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डपर्यंत सगळं ऐकलेलं.

'बँडचं नाव काय?' मामांनी विचारलं.

'हू.'

'हूं काय? नाव सांग.'

'हू! म्हणजे कोण.'

'तेच मी तुला विचारतोय!'

हे प्रकरण पाचएक मिनिटं चाललं. दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी आपापल्या परीनं मध्यस्थी केली. मग मामांनी दुसरा प्रश्न टाकला, 'माणसं किती?' मी म्हटलं चार. 'चार माणसांत बँड होतो होय रे? वरातीचे किती घेतात?'

त्या रात्री गिरणी बंद झाल्यावर आम्ही कॅसेट लावली. सुरुवातीला एक ऑर्गन वाजतो. वाजतो म्हणजे काय, तेच ते सूर पुन्हा पुन्हा भुरभुरत राहतात. मी घाबरून मामांकडे बघत होतो. मामा डोळे मिटून म्हणाले, 'जातं चांगलं चाललंय.'

समीक्षा म्हणावी तर हिला! मी पुढं या गाण्याबद्दल पुष्कळ वाचलं, पण 'जातं चांगलं चाललंय' याच्या तोडीचं काही मिळालं नाही. कारण ते सूर खरोखरच दळणासारखे पडतात. एकसारखे नव्हेत, पण न थांबणारे. रायलीची ती युक्ती आहे: छोटी सुरावट घ्यायची, ती फिरवत ठेवायची आणि फिरता फिरताच ती बदलू द्यायची. आणि गंमत पुढेच आहे. हा रायली १९७० साली पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला होता आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे. म्हणजे ज्या घराण्याचे करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, ज्या घराण्यात सवाई गंधर्व आणि भीमसेन झाले, त्याच घराण्याच्या दारात बसलेला हा रायली. गाण्याच्या नावातला अर्धा भाग अरणगावचा आणि उरलेल्या अर्ध्याचा गुरू किराण्याचा. विलायती म्हणून त्यात उरलं काय? वीज!

मिनिटभर कोणी तोंडच उघडत नाही. मग पियानो येतो, आणि मग ढोल. मामा ताडकन उठले. 'पट्टा सुटला!' गिरणीतल्या माणसाला तो आवाज काळजात भिडतो. मी त्यांना खाली बसवलं. तो पट्टा नव्हता, तो कीथ मून होता.

इथं जरा कारागिरीचं बोललं पाहिजे, नाहीतर मी नुसताच गावाभिमानी ठरेन. साधारण बँडात ढोलवाला ठेका धरतो, बेसवाला त्याच्या बोटाला धरून चालतो आणि गिटारवाला पुढं येऊन मिरवतो. 'हू'मध्ये सगळा संसार उलटा. ढोलवाला मून ठेका म्हणून धरतच नाही. आपल्याला एकट्यालाच बोलावलंय अशा थाटात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतो. बेसवाला जॉन एंटविसल विजेच्या खांबासारखा स्तब्ध उभा, पण बोटं उंदरासारखी धावतात आणि मुख्य गत तोच वाजवतो. मग लय कोण सांभाळणार? ती सांभाळतो गिटारवाला टाऊनशेंड. भजनात मृदंगवाल्यानं अभंग म्हणावा आणि बुवांनी टाळ धरावेत, तसा प्रकार. या तिघांच्या दंगलीवर गळा उंच ठेवून उभा राहायचं काम रॉजर डॉल्ट्रीचं. हे चौघं एकाच वेळी भांडतात आणि भांडण सुरात राहतं. आमच्या घरात हे कधी जमलेलं नाही, म्हणून मला त्याचं अप्रूप.

गाण्याच्या अखेरीला व्हायोलिन येतं आणि लय वाढत वाढत जाते. मामांची मांडी तालावर उडायला लागली. संपल्यावर म्हणाले, 'हा शेवटचा कीर्तनातला माणूस दिसतोय. गजर केला त्यानं.' मला वाटलं, जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी मामा सावध झाले आणि त्यांनी मुद्दे काढायला सुरुवात केली.

मुद्दा पहिला, गोंगाट. यात मामांचा हात धरणं अवघड आहे. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर या बँडनं ३२ मीटरवरून मोजलेला १२६ डेसिबल आवाज काढला आणि गिनेसच्या पुस्तकात नाव मिळवलं. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. फरक ७१ चा. पण डेसिबलचा हिशेब किराणा दुकानासारखा नसतो. दर दहाला दहापट जोर चढतो. म्हणजे ५५ च्या सव्वा कोटीपट जोर झाला! पुढे लोक कान घालवून बसतील या भीतीनं गिनेसवाल्यांनी तो विक्रमच बंद केला. मामांचं म्हणणं, 'ज्या बाबांचं नाव घेतात ते बाबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि हे भक्त!'

खरं आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मेहेराबादला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत. साडेत्रेचाळीस वर्षं. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून सांगत, १९५४ साली तीही सोडली आणि नुसत्या खुणा राहिल्या. जगातला सर्वात गप्प गुरू आणि जगातला सर्वात मोठ्या आवाजाचा चेला! पण मी म्हणतो, विसंगती कसली? गप्प बसणाऱ्या माणसाचं मोल ज्याच्या कानात सतत घणघण चालू आहे त्यालाच कळणार. सरोवराकाठी राहणाऱ्याला पाणपोईचं काय कौतुक?

मुद्दा दुसरा, 'यांनी केलं काय?' मी 'टॉमी' पुढं केला. १९६९ च्या मे महिन्यात, म्हणजे बाबा गेल्यावर चारच महिन्यांनी आलेली ही रेकॉर्ड. एक सलग कथा गाण्यांतून सांगितलेली. ते तिला रॉक ऑपेरा म्हणतात. मामा म्हणाले, 'आमच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० सालीच शाकुंतल केलं. यांना एकोणनव्वद वर्षं उशीर झाला.' यावर मी काय बोलणार? पण 'टॉमी'ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एक मुलगा न बघणारा, न ऐकणारा, न बोलणारा. तो पुढे बरा होतो, लोक त्याला देव करतात, त्याच्याभोवती बाजार भरतो, तो शिष्यांना नियम घालायला लागतो आणि शेवटी शिष्यच उठून त्याला झुगारून देतात. रेकॉर्डच्या वेष्टनावर श्रेयनामावलीत 'अवतार : मेहेरबाबा' असं छापलंय आणि आत गोष्ट आहे गुरुबाजीची खोड मोडणारी! स्वतः गंडा बांधून घेतलेल्या माणसानं गंड्यांच्या दुकानावर दगड मारावा, याला धाडस लागतं. आपल्याकडे भक्त आणि टीकाकार ही दोन वेगळी खाती असतात. एकाच पासबुकात दोन्ही चालवणारा मला तरी दुसरा फारसा दिसला नाही. इथं मामा पहिल्यांदा 'हूं' म्हणाले. बँडचं नाव नव्हे, होकार.

मुद्दा तिसरा मात्र मी हरलेला आहे. गिटार फोडणं. १९६४ साली लंडनजवळच्या हॅरो भागात एका गुत्त्यात टाऊनशेंड वाजवत होता. छत ठेंगणं होतं. गिटारचं टोक छताला लागून मोडलं. समोरचे काही हसले. याला आला राग, म्हणून उरलेली गिटारही यानं आपटून फोडली. लोकांना ते इतकं आवडलं, की पुढं तो नेमच झाला. मूनही ढोल लाथाडू लागला. आता मामा दसऱ्याला गिरणीच्या जात्याला झेंडूची माळ घालणारे. जात्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारे. 'पोटाला देतं त्याला आपटायचं?' असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापत होता. मी म्हटलं, 'मामा, आपणही शुभकार्याला नारळ फोडतोच की!'

'नारळ फोडल्यावर प्रसाद मिळतो. गिटार फोडून काय वाटतात?'

आजपावेतो मला याचं उत्तर सापडलेलं नाही. टीकाकाराला बचावाचा पुष्कळ माल मिळतो. युद्धानंतरच्या पिढीचा संताप वगैरे लिहिता येतं. पण संताप एकदा येतो. दर प्रयोगाला ठरल्या वेळी येतो त्याला कार्यक्रम म्हणतात. या बाबतीत 'हू'चा मान कापला पाहिजे.

आणखीही कापायला जागा आहे. मून १९७८ साली बत्तिसाव्या वर्षी गेला आणि तो संसार उलटा टाकण्याचा खेळ त्याच्याबरोबर संपला. १९८२ साली यांनी निरोपाचा दौरा केला. १९८९ ला परत हजर. २००२ साली एंटविसलही गेला. १९८२ नंतर नव्या रेकॉर्डी दोनच, २००६ आणि २०१९ च्या. आणि २०२५ साली अमेरिकेत पुन्हा निरोपाचा दौरा. तरुणपणी म्हाताऱ्यांची टर उडवणारं गाणं म्हणून ज्यांनी नाव काढलं, त्यांनी ऐंशीच्या घरात भैरवी म्हणावी, आणि तीही दुसऱ्यांदा! पण 'शेवटचे पाच प्रयोग' ही पाटी वर्षभर वाचत आलेल्या मराठी माणसानं यावर फार बोलू नये.

हे सगळं वजा करूनही शिल्लक उरते, आणि माझी तक्रार त्या शिल्लकीबद्दल आहे. तिकडे त्यांना कोणी अगदीच विचारत नाही असं नाही. २००८ साली अमेरिकेत केनेडी सेंटरचा सन्मान झाला. पण नाव घ्यायची वेळ आली, की बीटल्स, मग रोलिंग स्टोन्स, आणि मग श्वास घेऊन 'हू'. आमच्या घरी मोठ्या जावयाला पाट, मधल्याला चटई आणि धाकट्याला 'तू काय घरचाच आहेस', त्यातली गत. आणि नगरात? बीटल्स १९६८ साली ऋषिकेशला काही आठवडे राहिले, तर तो आश्रम बघायला आज तिकीट आहे. महर्षींशी त्यांचं पुढं बिनसलं, तरी तिकीट आहे. टाऊनशेंडनं मात्र बाबांची प्रार्थना संगीतात बसवली, बाबांना जिम रीव्हजचं एक गाणं आवडे म्हणून तेही गायलं, दोन्ही १९७२ च्या त्याच्या रेकॉर्डवर आहेत. आणि नगरच्या कापड बाजारात उभं राहून त्याचं नाव विचारा. लोक म्हणतील, 'कोण?' आणि दुर्दैव असं, की ते बरोबर उत्तर असेल.

२०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकचा समारोप मी पहाटे उठून पाहिला. शेवटी 'हू' आले आणि 'बाबा ओरायली' सुरू झालं. अवघं जग अरणगावच्या बाबांचं नाव असलेलं गाणं ऐकत होतं, आणि आमची आळी घोरत होती. मी रागानं एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: दौंड रस्त्यावर या बँडच्या नावाची पाटी लावा, वर्षातून एकदा ते गाणं मोठ्यानं लावा. टाकण्यापूर्वी मामांना वाचून दाखवलं, म्हणजे त्यांच्या कानाशी ओरडून दाखवलं.

मामा म्हणाले, 'तिथं लोक गप्प बसायला येतात. तू तिथं कर्णा लावणार?'

पत्र अजून माझ्या खणात आहे.

गेल्या उन्हाळ्यात मामांना ऐकण्याचं यंत्र बसवलं. गिरणी कधीच बंद झाली, पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती त्यांच्या डोक्यात अजून चालू आहे. रात्री सगळं निजलं की कानात रातकिडे ओरडतात. गप्पांच्या ओघात मी सांगितलं, की त्या टाऊनशेंडच्याही कानात असाच आवाज होतो, त्याचं ऐकणंही असंच कमी झालंय, आणि तो हे उघडपणे सांगत आलाय. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे धंद्यातलाच माणूस.' आणि थोड्या वेळानं, 'लाव बरं ते दळणाचं गाणं.'

नातवानं फोनवर लावलं. यंत्राची मेहेरबानी, ऑर्गन मामांना कळला. ढोल कळले, 'पट्टा सुटला' असं ते सवयीनं म्हणालेही. पण अशा कानांचं पहिल्यांदा जातं ते वरच्या पट्टीतलं. शेवट जवळ आला तसे मामा पुढं सरकून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. 'ते कीर्तनवाल्याचं यायचंय ना अजून?'

व्हायोलिन आलं होतं. लय चढत होती.

'आलं का?' मामांनी विचारलं.

मी मान हलवली. मामांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि माझी मांडी जशी उडत होती तशी ताल धरून बोटं वाजवली, अगदी शेवटपर्यंत, समेवर.

तेव्हा दाव्याचा निकाल असा: गिटारी फोडल्याबद्दल दंड. दोनदा निरोप घेतल्याबद्दल समज. बाकी मान द्यावा. पाटी नको, कर्णा नको. यादीत चांदबिबीच्या खाली एक ओळ पुरे. दोन्ही पक्षांना मान्य.

त्यानंतर १० जुलै आला. बाबांच्या मौनाचा दिवस. त्यांचे भक्त त्या दिवशी बोलत नाहीत. मामा काही भक्त नव्हेत, पण सकाळी उठून त्यांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना जाहीर केलं, की आज आपलंही मौन. दिवसभर घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

संध्याकाळी मामींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, 'तुझ्या त्या बँडवाल्यांचा एखादा फोटो मिळेल का रे? हार घालावा म्हणते.'